वधूपित्यानं फीडर पाडला

मंगल कार्यालय चालवणाऱ्या माणसाला लग्नं आठवत नाहीत, भांडणं आठवतात. अमक्याच्या लग्नात जिलेबी कमी पडली, तमक्याच्या विहीणबाईंच्या खोलीतला नळ गळत होता, कुठं घोडीवाला पिऊन आला. वधूवरांची नावं सकाळी फलकावर लिहायची आणि रात्री पुसायची, एवढाच त्यांचा-आमचा संबंध. पलूस-तासगाव पट्ट्यातल्या एका कार्यालयाचा मी मॅनेजर. पुढं डांबरी रस्ता, मागं द्राक्षबाग, डाव्या अंगाला पार्किंगसाठी भाड्यानं घेतलेलं मोकळं रान. 2023 च्या मे महिन्यातल्या एका लग्नात आमच्याकडं भांडण झालं ते विजेवरून, आणि ते केलं चक्क मुलीच्या बापानं.

बुकिंगला ते एकटेच आले होते, एम-एटीवरून. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टोपी, हातात नायलॉनची पिशवी. पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले. भाडं कमी करा म्हणून सगळेच घासाघीस करतात, तात्यांनी केली नाही. (त्यांना सगळे तात्याच म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो.) "रेट काय तो रेट. पावती तेवढी लगीच द्या," म्हणाले. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना असतो. विचारलं, तर म्हणाले, "रिटायर."

"कशातनं?"

"बोर्डातनं."

आमच्या भागात बोर्ड म्हणजे वीज. 2005 मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण खेड्यात अजून बोर्डच चालतं. मी 'निवृत्त, बोर्ड' असं लिहिलं आणि पुढची यादी सांगायला लागलो: मेन्यू, खोल्या, रुखवताचं टेबल. त्यांचं लक्ष नव्हतं. "जनरेटर किती केव्हीएचा? चेंजओव्हर कुठाय?" असं विचारत ते उठलेच. चेंजओव्हर म्हणजे बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज यांतली एकच हॉलमध्ये घेता यावी म्हणून बसवलेलं हँडल. एकीकडं ओढलं की दुसरीकडचं तुटतं. तात्यांनी ते वर-खाली करून बघितलं. "गच्च झालंय. तेल सोडा," म्हणाले. मग मागं जाऊन डीपीकडं, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडं, मान वर करून बराच वेळ बघत उभे राहिले. एवढ्या लग्नांत माझ्याकडं डीपी बघायला आलेले ते पहिलेच वधूपिता.

जाताना विचारलं, "मंडपाचं लायटिंग तुमचा माणूस करतो का भायरचा?"

"वरपक्ष आणणार आहे म्हणाले, कराडकडचा."

"हं," म्हणाले, आणि किक मारली.

वरपक्ष तालेवार होता. रस्त्यांची कंत्राटं, उसाचे ट्रॅक्टर, पुण्यात फ्लॅट. सगळा कारभार नवरदेवाच्या मामांच्या हातात. मामांची राजकारणात ऊठबस, त्यामुळं लग्नाच्या आदल्या रात्रीच फाटकाबाहेर मोठमोठे फ्लेक्स लागले. त्यावर वधूवर कोपऱ्यात आणि नेतेमंडळी मधोमध. तात्यांना मामा पाव्हणं म्हणायचे. हेटाळणी अशी कधी केली नाही, ते खोटं बोलणार नाही. पण काहीही विषय निघाला की मामा त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "तुम्ही नुसतं बसा हो पाव्हणं. सगळं आम्ही बघतो." तात्या बसायचे.

दुपारपासून निवेदकानं माइक धरला होता. माजी सभापती आले, कारखान्याचे संचालक आले, बँकेचे चेअरमन आले, प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट दोन-दोनदा घेतलं गेलं. तात्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. त्यांचा उल्लेख झाला तो 'वधूपिता' एवढाच. कार्यालयात हे नेहमीचंच आहे. मुलीच्या बापाचं नाव पत्रिकेत असतं, माइकवर नसतं.

मुहूर्त गोरज होता, 6 वाजून 52 मिनिटांचा. मे महिन्यात गोरज मुहूर्त धरणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की आमच्याकडं वळीव चार ते सातमध्येच येतो. ऐकत कोण नाही, कारण दुपारच्या उन्हात फोटो चांगले येत नाहीत.

साडेपाचच्या पुढं वारा सुटला. पाऊस नाही, नुसती धूळ. लॉनवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपोआप सरकायला लागल्या. फाटकावरचा एक फ्लेक्स दोरीसकट उडाला आणि द्राक्षबागेत जाऊन पडला. बायकांनी लेकरं आत ओढली. मागच्या बाजूला काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, पण वाऱ्यात कुणी लक्ष दिलं नाही. आणि दिवे गेले. म्हणजे गेले असंही म्हणता येत नाही. स्टेजवरचा एक पट्टा लख्ख जळत होता. बाकी हॉलभर ट्यूब विझून दिवे लालसर झाले होते, आणि पंख्यांची पाती मोजता यावीत इतके पंखे मंद झाले होते.

मी त्या वेळी वरच्या खोल्यांच्या जिन्यापाशी होतो. तिथं आरशासमोर तात्यांना फेटा बांधायचं काम चाललं होतं. फेटेवाल्यानं तीन-चार वेढे घातले होते, शेमला अजून हातातच. तात्या आरशात बघत नव्हते, वर पंख्याकडं बघत होते. मग ते उठले. "थांबा की, सुटंल!" म्हणत फेटेवाला मागं, हातात पाच-सहा हात लांब केशरी कापड, आणि पुढं तात्या अनवाणी जिना उतरतायत, अशी वरात हॉलच्या मधोमध गेली. लोक हसले. तात्यांनी स्टेजवरच्या दिव्यांकडं एकदा, हॉलच्या दिव्यांकडं एकदा बघितलं, फेट्याचं टोक फेटेवाल्याच्या हातातून ओढून कमरेला खोवलं आणि मागच्या दारानं डीपीकडं निघाले. मी पाठोपाठ गेलो, कारण लाईट म्हणजे माझ्याच गळ्याला फास.

डीपीपाशी डेकोरेशनवाल्याचा वायरमन पोरगा आधीच पोहोचला होता. हातात लांब कोरडा बांबू. डीपीच्या वरच्या बाजूला तीन तारांचे तीन फ्यूज असतात, त्यांना डीओ म्हणतात. जळाला की नळी लोंबते. बांबूनं ती परत वर बसवायची, हा उद्योग गावोगाव चालतो. नियमात बसत नाही, पण चालतो.

"डीओ उडालाय. बसवतो, दोन मिन्टाचं काम," पोरगा म्हणाला.

"ठेव खाली," तात्या म्हणाले.

"मामांनी सांगितलंय."

"मामांनी सांगितलं आसंल. वर बघ. किती दिसत्यात?"

"तीन."

"लोंबतोय का येक तरी?"

पोरग्यानं परत बघितलं. तिन्ही नळ्या आपापल्या जागी होत्या.

"मग बसवणार काय तू?" तात्या म्हणाले. त्यांचं पोराकडं लक्षच नव्हतं. ते लाईनीच्या कडेनं नजर नेत होते. एक खांब, दुसरा खांब, पार्किंगच्या रानाकडं. तिथं बांधावरच्या बाभळीची मोठी फांदी मोडून पडली होती. तिच्या पलीकडच्या गाळ्यात खांबा-खांबांमध्ये तीन तारा पाहिजे होत्या. दोनच होत्या.

हे कोडं त्यांनी मला नंतर उलगडून सांगितलं, ते इथंच लिहून टाकतो. आमच्याकडं येणारी लाईन 11 हजार व्होल्टची, तीन तारांची. डीपीतून ती 440 वर उतरते, घरात येते ती 230. वरच्या तीन तारांतली एक गेली तर खालचं सगळं बंद पडत नाही. एक फेज धडधाकट राहतो आणि दोन निम्म्यावर येतात. म्हणून स्टेजचा पट्टा लख्ख आणि बाकी हॉल लाल. असं झालं की एक तर डीओ उडालेला असतो, नाही तर तार तुटलेली असते. डीओ जागेवर असतील तर दुसरंच. आणि तुटलेली तार पाण्यात किंवा ओल्या जमिनीत पडली तर सबस्टेशनमध्ये फीडर, म्हणजे तिथून गावांकडं निघणारी लाईन, बहुतेक वेळा आपोआप पडतो, म्हणजे बंद होतो. कोरड्यात पडली तर जमिनीत जाणारा करंट इतका थोडा असतो की तिथल्या रिलेला तो कळतही नाही. तार तुटली म्हणजे मेली, असं लोकांना वाटतं. ती जिवंत असते.

आमची तार पडली होती पार्किंगच्या कुंपणावर. काटेरी तारेचं कुंपण, दगडी खांबांवर ताणलेलं, रस्त्यापासून उसापर्यंत. महिनाभर पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे सगळं कुंपणच 11 हजारावर आलेलं. आणि कुंपणापासून आठ-दहा पावलांवर बँडवाले वाऱ्याला पाठ करून बसले होते, वरातीची घोडी कुठं बांधावी म्हणून घोडीवाला जागा बघत होता, आणि करवल्यांची चार-पाच पोरं उडालेल्या फ्लेक्सच्या मागं धावायच्या बेतात होती.

त्या क्षणी तात्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी आधी ऐकला नव्हता. भाड्याबद्दल बोलताना ज्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं लागलं होतं, त्या माणसानं वाऱ्याच्या वर आवाज काढला. "कुंपणाला कुणी शिवायचं न्हाई! हाय तितंच उबं ऱ्हावा! ये घोडीवाल्या, मागं फिर. मागं!" बँडवाले उभे राहिले. पोरं थिजली. घोडीवाल्यानं घोडीचं तोंड फिरवलं. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही.

मग त्यांनी खिशातून बटनांचा मोबाइल काढला. नंबर तोंडपाठ होता. फोन उचलला गेला तसं एवढंच बोलले: "कोण ड्युटीवर? हां. मी बोलतोय. आपला गावठाण फीडर आत्ता पाड. मी सांगेस्तवर चार्ज करायचा न्हाई."

फोन ठेवला. खिशात घालेपर्यंत स्टेजचा लख्ख पट्टा विझला. हॉलचे लाल दिवे विझले. रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी घरघरत थांबली. लांबवर पेट्रोल पंपाचा फलक, दूध डेअरीचा दिवा, वाड्यावस्त्यांवरचे दिवे, सगळं एकदम. मे महिन्यातला संध्याकाळचा उजेड होता म्हणून, नाही तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसलं नसतं. त्या फीडरवर किती गावं आहेत ते मला माहीत आहे, कारण एका गावात लाईट गेली की तिकडचे लोक मला फोन करून विचारतात, तुमच्याकडं आहे का.

तात्यांनी आपल्या दोन पुतण्यांना कुंपणाच्या दोन टोकांना, चांगलं लांब, उभं केलं. "बंद झाली तरी हात लावायचा न्हाई. खांब धरायचा न्हाई. कुणाला फुडं सोडायचं न्हाई." पुतणे सफारी सूटमध्ये, गळ्यात उपरणी, राखणीला उभे.

एवढ्यात मामा आले. मागं दहा-बारा माणसं.

"कुणी घालवली लाईट? निम्मी तरी होती! आता तीबी गेली!"

"मी घालवली," तात्या म्हणाले.

"तुम्ही?"

"व्हय."

मामांना आधी हसू आलं. मग ते मोबाइल काढत म्हणाले, "थांबा पाव्हणं, तुम्ही नुसतं बसा. साहेबांच्या पीएला एक फोन लावतो, पाच मिन्टात लाईट येती बघा."

"लावू नका," तात्या म्हणाले. "आली तर माणूस मरंल."

मामांनी लावला. वाऱ्यानं रेंज येत-जात होती, त्यामुळं ते 'हॅलो, हॅलो' करत लॉनभर फिरत राहिले. कुणीतरी ओरडलं, "मॅनेजर, जनरेटर लावा की! पैसे कशाचे घेता?" हे बरोबर होतं, जनरेटर त्यासाठीच असतो. मी चावी घेऊन गेलो तर तात्या पॅनेलपुढं उभे. डेकोरेशनवाल्यानं आपल्या लायटिंगसाठी एक जाडजूड काळी केबल ओढली होती. तिचं एक टोक चेंजओव्हरच्या आधी, सरळ मेनवर मारलेलं, आणि एक फाटा जनरेटरच्या बाजूला. काय करायचं ते सोयीनं करता यावं म्हणून दोन्हीकडं जोडून ठेवलं होतं. सकाळी मी बघितलं तेव्हा त्यावर कापड टाकलेलं होतं, दिसायला वाईट दिसतं म्हणून.

"आता तुम्ही ह्यो चालू केला," तात्या मला म्हणाले, "तर हितली वीज डीपीतनं उलटी वर जाणार. 440 आत शिरलं की भायर 11 हजार. लाईनीवर माणूस चढला आसंल तर?"

डीपी खाली उतरवते तशी वरही चढवते, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. त्याला ते बॅक सप्लाय म्हणतात. फीडर बंद, परमिट (लाईनीवर काम करायची परवानगी) हातात, खांबावर चढलेला माणूस निर्धास्त, आणि कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू.

वरपक्षातला एक जण म्हणाला, "आवं एका लग्नाच्या जनरेटरनं काय होतंय?"

तात्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. पोरग्याला म्हणाले, "माझा जोडीदार आसाच गेला. लग्नघरचाच जनरेटर हुता. सोड ती केबल." पोरगा पक्कड घेऊन खाली बसला. त्याचे हात थरथरत होते. तात्यांनी त्याच्या हातातून पक्कड घेतली नाही, शेजारी उकिडवं बसून एकेक बोल्ट सोडवून घेतला. बोर्डात पोरं कशी शिकवतात ते मी तिथं बघितलं.

हे होईपर्यंत मुहूर्त जवळ आला. गुरुजी हवालदिल. माइक नाही, दिवे नाहीत, निवेदकाला तर काय करावं तेच कळेना. माइकशिवाय तो माणूस एकदम सामान्य दिसायला लागला. मी हॉलची सगळी दारं, खिडक्या, मागचे शटर उघडायला लावले. पश्चिमेचा तांबडा उजेड आत आला. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडायला लागले होते. गुरुजींनी विचारलं, वधूपिता कुठं आहेत? कुणीतरी सांगितलं, पार्किंगमध्ये. थांबायचं का? नवरीची आई काही बोलेना.

नवरीच म्हणाली, "थांबू नका. वारं सुटलं की पप्पा घरात नसतात." तिनं हे सासूकडं बघून सांगितलं, शांतपणे, घरातली एखादी सवय सांगावी तसं. "दिवाळीत नाही, माझ्या दहावीच्या रिझल्टला नाही. येतील सगळं झाल्यावर."

त्या लग्नात मंगलाष्टका माइकशिवाय झाल्या. दोन मावश्या आणि एक म्हातारी आत्या यांनी म्हटल्या, आणि इतकी वर्षं स्पीकरच्या खरखरीत ऐकलेलं सगळं मी पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकलं. अक्षता पडल्या. 'सावधान' म्हटलं तेव्हा बाहेर मोटारसायकलचा आवाज आला.

लाईनवरचे दोघे आले होते. खांद्याला दोर, पाठीला हातमोजे बांधलेले, आणि गाडीच्या कडेनं बाहेर आलेला डिस्चार्ज रॉड. मी त्यांना चहा विचारायला गेलो. ते तात्यांसमोर उभे राहून हजेरी दिल्यासारखं सांगत होते: "एबी स्विच खोललाय. परमिट घेतलंय, नंबर लिहून घेतलाय. दोन्ही बाजूनी अर्थिंग करतो." एबी स्विच म्हणजे लाईन तोडायचा खांबावरचा स्विच, आणि अर्थिंग म्हणजे तारा जमिनीला जोडून ठेवणं.

"आधी चेक कर. मग अर्थ. मग चढ. घाई कसली हाय, लगीन झालं की," तात्या म्हणाले. शर्ट पावसानं अंगाला चिकटलेला, डोक्यावर अर्धा फेटा. त्यांनी कशालाही हात लावला नाही. एकदा दोर पोराच्या हातातून निसटला तर त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि तसाच मागं आला. "मी आता रिटायर हाय," ते माझ्याकडं वळून म्हणाले, जसं काही मी विचारलंच होतं.

कन्यादानाच्या विधीला ते आत आले. पाय चिखलानं भरलेले. गुरुजींनी पाय धुवायला पाणी मागवलं. तोवर केबल सुटली होती, तात्यांनी चेंजओव्हरचं हँडल स्वतः ओढून बघितलं होतं, आणि जनरेटरवर हॉलच्या ट्यूब लागल्या होत्या. स्टेजचं लायटिंग मात्र नाही. फोटोग्राफर नाराज.

साडेसातच्या सुमारास सेक्शनचे इंजिनिअर साहेब आले. वय तिशीच्या आत-बाहेर. मामांचा फोन शेवटी लागला होता, वरून खाली फिरत फिरत तो ह्यांच्यापर्यंत पोहोचला होता. मामा पुढं झाले. "साहेबांचा फोन आला होता ना तुम्हाला?"

"आला होता. तात्या तिथं आहेत, म्हणून सांगितलं," इंजिनिअर म्हणाले. मग तात्यांकडं वळून, "तार ओढून झालीय. पोरं खाली उतरलीत, अर्थिंग काढलंय. चार्ज करायला सांगू?"

तात्यांनी आधी पुतण्यांना हाक मारली, माणसं मोजली, कुंपणाकडं बघून आले. मग म्हणाले, "सांगा."

इंजिनिअरनी फोन केला. लाईट आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि निवेदक माइकवर धावला आणि त्यानं 'तत्परतेबद्दल' मामांच्या साहेबांचे आभार मानले. मामा स्टेजजवळच उभे होते. त्यांनी मानेनं नको-नको केलं, पण निवेदक चालूच होता.

दहा वाजून गेले, शेवटची पंगत बसली तेव्हा एक मुलगी स्कूटीवरून आली. हातात आहेराचं पाकीट. सबस्टेशनची ऑपरेटर. दुसरी पाळी होती म्हणून लग्नाला येता आलं नाही, म्हणाली. फीडर पाडणारी हीच. मसालेभात वाढून दिला आणि मी शेजारीच बसलो, कारण मला एकच गोष्ट कळत नव्हती. रिटायर माणसाच्या एका फोनवर एवढ्या गावांची वीज बंद करायची, हे नोकरीत बसतं कसं?

"आणीबाणीत बंद करता येतं. जीव धोक्यात असेल तर आधी बंद, मग चौकशी," ती म्हणाली. "पण फोन कुणाचाही येतो हो. चेष्टेचे येतात, भांडणातले येतात. म्हणून आम्ही आधी विचारतो." मग ती 2019 चा ऑगस्ट सांगायला लागली. कृष्णेला महापूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फुटांवर धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. भिलवडी-अंकलखोप पट्ट्यात घरांच्या पत्र्यापर्यंत पाणी. ती नोकरीत नवीन होती. तात्या नोकरीतले शेवटचे दिवस मोजत होते आणि दिवसभर नावेत होते. पाणी चढून डीपीच्या पेट्यांपर्यंत, तारांपर्यंत यायच्या आत त्या-त्या भागाची वीज बंद करावी लागते, आणि कुठं किती चढलं हे ऑफिसात बसून कळत नाही. तात्या नावेतून फोन करायचे, आता हा पाड, आता तो.

"पहिल्या दिवशी मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगते. साहेबांचा फोन लागायला तीन-चार मिनिटं गेली. तेवढ्यात एका गोठ्यात म्हैस गेली. दावं सोडायला मालक निघाला होता, तो दोन हात मागं होता. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांचा आवाज आला की मी आधी ब्रेकर पाडते, मग विचारते."

"आणि आज कागदावर काय लिहिलं?"

"वेळ लिहिली, कारण लिहिलं. सूचना कुणाची, तिथं तात्यांचं नाव लिहिलं, कंसात सेवानिवृत्त. साहेब म्हणाले, माझं नाव टाकायचं होतंस, उद्या वरून विचारलं तर? मी म्हटलं, पेननं लिहून झालंय." तिनं पापड मोडला. "बघू. विचारतील तेव्हा सांगू."

दुसऱ्या दिवशी तात्या हिशेब पुरा करायला आले. जनरेटरचं डिझेल मी सबंध संध्याकाळचं लावलं होतं, ते त्यांनी तासांवर करून कमी करून घेतलं. पार्किंगचं कुंपण सरकवायला लावलं, बाभूळ छाटायला लावली. दोन्ही खर्च माझ्या मालकाचे.

मामांचा मला फोन आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. त्यांच्या मळ्यातली डीपी जळाली होती, लागणीचा ऊस वाळत होता. साहेबांच्या पीएला फोन लावून झाला होता, म्हणाले, काही हलत नाही. "पाव्हण्यांचा नंबर आसंल तुमच्याकडं. माझ्याकडं हाय, पण मी कसा लावू?" शेवटी त्यांनीच लावला. तात्या एसटीनं गेले, डीपी बघितली, खाली उभं राहून वर मोजलं. डीपीच्या ताकदीच्या दुप्पट मोटारी तिच्यावर चालत होत्या, त्यांतल्या निम्म्या आकडे टाकून, आणि आकडे टाकणाऱ्यांत पहिलं नाव मामांचंच होतं. तात्यांनी कुणालाही फोन केला नाही. "आधी आकडे काढा, भाराचा अर्ज द्या, मग रांगेत नंबर लागंल. नवी बसवली तरी आठ दिसात जळंल आशी," एवढं सांगून, चहा घेऊन ते परत निघाले. मामा चार दिवस धुसफुसत होते. मग आकडे निघाले, अर्ज गेला, डीपी बसली. हे मला मामांनीच सांगितलं, पुतणीच्या लग्नासाठी तारीख विचारायला आले तेव्हा. मुहूर्त दुपारचा हवा म्हणाले, आणि डेकोरेशनवाला तुमचाच द्या.